डाळिंबाच्या सालीचं मॅचिंग

आमच्या घरी डाळिंब फोडलं की दाणे कुणी खाल्ले याची चौकशी होत नाही. साल कुठं गेली, याची होते.

मी नांदेडला एका हायस्कुलात मराठी शिकवतो. माणूस तसा निरुपद्रवी. पण गावातले ज्यूस सेंटरवाले मला शिक्षक म्हणून ओळखत नाहीत. संध्याकाळी शाळेतून परतताना स्कूटरच्या हुकाला पिशवी अडकवून मी त्यांच्या दारात उभा राहतो, आणि आतून आवाज येतो, "सालवाले सर आले रे, त्यांची टोपली द्या." मी दिवसभराच्या डाळिंबाच्या साली पिशवीत भरून घेतो आणि मान खाली घालून निघतो. एकदा एका विद्यार्थ्याच्या आईनं मला तसं भरताना बघितलं. बाई सज्जन. जवळ येऊन हळूच म्हणाल्या,

"सर, लई दिवसांचं हाय का?"

"काय?"

"पोटाचं. साल ताकात उगाळून घ्या. आमच्या मामंजींना त्यानंच गुण आला."

तेव्हापासून पालकसभेत मी मधेच पाणी प्यायला उठलो तरी बायका एकमेकींकडं बघतात आणि वाट मोकळी करून देतात.

साली लागतात त्या आमच्या मंडळींना. ही आणि कॉलनीतल्या चार-दोन जणी मिळून केळीच्या धाग्याला रंग देतात. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही वाटलं होतं की काहीतरी ऐकण्यात चूक झाली. पण आमच्याकडं अर्धापूरच्या बाजूला केळी रग्गड. घड उतरवला की मागं राहिलेलं खोड बिनकामाचं. ते तोडून बांधावर टाकायचं आणि ते तिथं कुजत पडायचं. आता त्याच खोडाची सोपटं मशीनमध्ये घालून धागा काढतात. उभा धागा सुती, आडवा केळीचा, असं विणलं की साडी तयार. पहिली साडी घरी आली तेव्हा इतकी कडक होती की घडी पलंगावर ठेवली तर ती ताठ बसून राहिली. मी म्हटलं, "हिला चहा विचारू का?" त्या दिवशी मलाही चहा मिळाला नाही. पुढं जमत गेलं. धागा मऊ होत गेला, मी मात्र होतो तसाच राहिलो.

रंग पुडीतला चालत नाही. हिचा नियम एकच, रंगवून उरलेलं पाणी झाडाला घालता आलं पाहिजे. झाड जगलं तर रंग पास. आमचा कढीपत्ता या परीक्षेला बसून बसून गच्चीला टेकलाय. तर आधी धागा असो की कापड, रिठ्याच्या पाण्यात उकळायचं, मग हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, मग तुरटीच्या, आणि मग सालीच्या काढ्यात घालायचं. तेव्हा कुठं पिवळा धरतो. आणि या सगळ्याच्या आसपास लोखंड फिरकता कामा नये. हे ज्ञान मी पुस्तकातून मिळवलेलं नाही. एकदा ही दारात कुरिअरवाल्याशी बोलत होती, पातेलं उतू जाईल असं दिसलं, म्हणून मी मदत करायला गेलो आणि भजी तळायच्या लोखंडी झाऱ्यानं ढवळलं. धाग्याच्या पिवळ्याधमक लड्या बघता बघता ओल्या डांबरी रस्त्यासारख्या झाल्या. हिरड्यातला, डाळिंबातला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की काळं होतं. पूर्वी शाई अशीच करायचे म्हणे.

"म्हणजे मी शाई केली," मी म्हणालो. "मराठीच्या शिक्षकाला शोभून दिसतं की."

हिनं झारा माझ्या हातातून काढून घेतला. तेव्हापासून झाऱ्याला आणि मला रंगाच्या पातेल्याजवळ बंदी आहे.

आता आक्का. माझी मोठी बहीण, लातूरला असते. रागीट नाही, चिक्कू नाही, खाऊ घालायला तर एक नंबर. फक्त आमच्या घरून गेलेली साडी तिनं कधी नेसलेली मी बघितली नाही. आवडली नाही असं ती म्हणत नाही हां. "छान हाय" म्हणते, साडीला हळदीकुंकू लावते, कपाटात ठेवते, आणि तिथून ती साडी प्रवासाला निघते. आहेर फिरवणं आपल्याकडं पाप नाही, रीतच आहे. पण आमच्या साड्या जरा जास्तच फिरतात. हिनं आक्काला दिलेली एक जांभळी साडी लोह्याच्या मावशीकडं गेली, तिथून नायगावला कुणाच्या तरी डोहाळजेवणात, आणि एवढी यात्रा करून शेवटी आमच्याच वास्तुशांतीला हिच्याच ओटीत येऊन पडली. हिनं पदराच्या कोपऱ्यातला आपण घातलेला टाका ओळखला.

"आली बाई माहेराला," म्हणाली आणि हसली.

ते हसणं मला काही खरं वाटलं नाही. आक्कानं एकदा तरी आपल्या हातची साडी अंगाला लावावी, एवढीच हिची इच्छा होती. बोलून दाखवायची नाही. बोलून दाखवली असती तर मी काहीतरी सांत्वन केलं असतं, आणि तेच टाळण्यासाठी बहुतेक ती बोलत नसावी.

मागच्या दिवाळीत भाऊबीजेला हिनं स्वतः रंगवलेली साडी आक्काला नेली. चांगली मऊ झालेली, पिवळी, सोबत त्याच रंगाचा ब्लाउजपीस. आक्कानं उलगडली, खिडकीच्या उजेडाला धरली.

"रंग कशाचा म्हणलीस?"

"डाळिंबाच्या सालीचा, वन्सं."

"हं. बरा हाय. वरणासारखा."

परत येताना अहमदपूर येईपर्यंत ही एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत होती. मी म्हटलं, "वरण काय वाईट असतं का? रोज खातो आपण." त्यानंतर लोहा येईपर्यंतही ती बाहेरच बघत होती.

त्या साडीचंही पुढं तेच झालं असतं. पण मधे आक्काच्या मुलाचं, माझ्या भाच्याचं, लग्न ठरलं. मुलगी उदगीरची. तिची आई, म्हणजे विहीणबाई, कॉलेजात शिकवतात. बोलणं शांत, नेसणं साधं, आणि आक्काच्या मते "लई शिकल्यासारखं" बघणं. आक्काच्या घरी सुपारी फुटली, पेढे झाले आणि गप्पा साड्यांवर आल्या. विहीणबाई म्हणाल्या, "मला ते झाडापानांच्या रंगाचे कपडे फार आवडतात. पण खरे कुठं मिळतात आता?"

आक्का विहिणीपुढं मागं हटेल होय!

"मिळत कसं न्हाईत? आमची भावजयच करती की! मला दिलीय तिनं. सीमांतपूजनाला म्या तीच नेसणार हाय."

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. ही चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. एक तर आक्का नेसणार, तीही वरमाय म्हणून, चारचौघांत. दुसरं म्हणजे, आजवर परक्यापुढं आक्कानं हिचा उल्लेख "आमच्या भावाची बायको" असाच केला होता. भावजय हा शब्द तिच्या तोंडून आम्ही दोघं पहिल्यांदाच ऐकत होतो.

पाहुणे गेल्यावर आक्कानं हिला आत नेलं. मी दाराआड होतो, हे सांगायला लाज कसली.

"अगं, साडी हाय. पर त्याचा ब्लाउजपीस…"

"काय झालं त्याला?"

"शेजारणीच्या ओटीत घातला की संक्रांतीला."

"मग त्यांच्याकडून परत…"

"शिवला तिनं. दंडाला घट्ट होतोय म्हणती."

"असू द्या वन्सं," ही म्हणाली, "मी तस्साच दुसरा रंगवून देते."

म्हणाली खरं. पण पुडीतला रंग आज काय, पुढच्या वर्षी काय, पुडीवर लिहिलं असेल तस्साच येतो. सालीच्या रंगात ‘तस्साच’ हा प्रकारच नसतो. दिवाळीतली डाळिंबं वेगळी, उन्हाळ्यातली वेगळी. साल किती वाळली, काढा किती आटला, सगळ्याचा हिशेब रंग ठेवतो. हिनं एक तुकडा रंगवला, तो गडद झाला. दुसरा रंगवला, तो फिका. तिसरा आम्हा दोघांना अगदी बरोबर वाटला. त्याचा फोटो पाठवला. आक्काचा फोन आला, "फोटोत सेम दिसायलंय गं. पर तुझा फोन येगळा, माझा येगळा." मग तो तुकडाच लातूरला जाणाऱ्या एकाच्या हाती धाडला. त्यावर आक्काचा निकाल आला, "साडी वरण हाय, अन् हे आमटी."

मग आक्का दाजींना घेऊन बाजारात उतरली. दाजी म्हणजे आक्काचे यजमान. नोकरीतून रिटायर झालेले, बोलण्यात अजून रिटायर न झालेले. त्यांनी मला फोनवर सगळं वर्णन ऐकवलं.

"पाहुणं, लातुरात मॅचिंगची दुकानं किती हायती म्हाईत हाय का तुम्हाला? मला बी न्हवतं. आता सगळी म्हाईत झाली. शेवटच्या दुकानात त्या भल्या माणसानं सगळे गठ्ठे उपसले. मोहरी काढला, हळदी काढला, चिंचेचा, लिंबाचा, कसले कसले. अन् हात जोडून म्हणला, ताई, ह्यो रंग कंपनीतच न्हाई."

"मग आक्का काय म्हणाली?"

"म्हणली, कंपनीत न्हाई तर कुठं हाय? तो म्हणला, तुमच्या हातात हाय, आणखी कुठं असणार? तर बाप्पा, मी बाहेर येऊन उसाचा रस प्यालो. डाळिंबाचं आता नाव बी नको वाटतं."

उपाय शेवटी हिनंच काढला. साडी आणि नवा ब्लाउजपीस, दोन्ही एकाच पातेल्यात, एकाच वेळी घालायचे. एका पाण्यातून निघाले की रंग एकच येणार. साडी थोडी गडद होईल, इतकंच. आक्का म्हणाली, "मंग तूच ये. साडी काय म्या एसटीनं धाडणार न्हाई." तशी लग्नघरी मदतीला आम्ही जाणारच होतो. हिनं ब्लाउजपीस हिरडा-तुरटी लावून तयार केला, सालींचा दाट काढा करून प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरला, स्टीलचं मोठं पातेलं घेतलं, ढवळायला लाकडी दांडा घेतला, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्ही फक्त कॅन धरा."

एसटीत कॅन माझ्या पायांत. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "काय हाय सर ह्यात? रॉकेल-बिकेल न्हाई ना?"

"काढा आहे. डाळिंबाच्या सालीचा."

"बाप्पा! एवढा? कुणाला पाजायचा?"

"साडीला."

त्यानं माझ्याकडं, मग हिच्याकडं पाहिलं. हिनं मान हलवली, म्हणजे हो, असंच आहे, फार दिवसांपासून आहे. अहमदपूरपर्यंत तो पुन्हा आमच्या बाजूला आला नाही.

लातूरला पोचलो. उन्हाळा ऐन भरात. लातूरच्या घरात पाणी ठेवायला जेवढी भांडी असतात तेवढी दुसऱ्या गावात स्वयंपाकालाही नसतील. आक्काच्या घरी गच्चीवर बोअरच्या पाण्याची टाकी, मोरीत बॅरल, जिन्याखाली घागरी, आणि मागच्या दारी, पाट्याच्या दगडाखाली फळी, फळीखाली फडकं आणि फडक्याखाली एक थोरला डिझेलचा लोखंडी ड्रम. बाहेरून हिरवा रंगवलेला. त्यात नळाचं पाणी साठवलेलं, खास लग्नासाठी. नळ कधी येईल ते नळालाच ठाऊक, म्हणून दर वेळी थोडं थोडं करून आक्कानं तो भरला होता, आणि त्याला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. लातुरात आणखी एक कायदा आहे. पाणी वापरायचं तर जुनं आधी, नवं मग. नवं आधी वापरलं की आक्काला दहीभात सोडून आईस्क्रीमनं जेवण सुरू केल्यासारखं वाटतं.

सकाळी अंगणात गॅसची शेगडी मांडली. ही म्हणाली, "वन्सं, बोअरचं पाणी नको. त्यात क्षार असतात, रंग फिरतो. नळाचं असंल का थोडं?"

आक्का क्षणभर उभी राहिली. मग मागच्या दारी गेली. दगड तिनं स्वतः उचलला.

दाजी आंघोळीला निघाले होते, ते टॉवेल खांद्यावर घेऊन थबकले. "अगं, ते लग्नाचं पाणी…"

"मंग? साडी काय बारशाची हाय का? लग्नाचीच हाय. तुम्ही जावा, बोअरच्या पाण्यानं आंघोळ करा." आणि हिला म्हणाली, "घे बाई. पाहिजे तेवढं घे."

वैशाखात लातूरच्या बाईनं साठवणीचा ड्रम उघडून "पाहिजे तेवढं घे" म्हणणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. हिला कळलं. बादली उचलताना तिचा चेहरा मी बघितला. वरून पाणी निवळशंख होतं. मी बादल्या वाहिल्या, हिनं आधी साडी आणि ब्लाउजपीस त्यात भिजवले, काढा पातेल्यात ओतला, वर तेच पाणी घातलं आणि ज्योत बारीक केली. काढा जरा काळपटला. "कॅनमधे दाट झाला वाटतं," ही स्वतःशी म्हणाली आणि दोन्ही कपडे आत सोडले.

आक्का पाट घेऊन शेजारी बसली. एरवी हिच्या कामाजवळ ती कधी बसत नाही.

"हे उरलेलं पाणी काय करता तुम्ही? गटारात?"

"न्हाई वन्सं, झाडाला घालतो."

"झाडाला? मरत न्हाई?"

"आमचा कढीपत्ता बघा की एकदा येऊन."

"आगं बाई!" आक्का मनापासून म्हणाली. "मंग तर चांगलंच की. आमच्याकडं भांडी घासलेलं पाणी बी वाया जाऊ देत न्हाई म्या. अन् केळीच्या खोडाचा धागा म्हणजे तेबी वायाच जाणारं, न्हाई का?" मग केळीच्या सोपटात पूर्वी फुलं बांधून द्यायचे, ते तिला आठवलं. मग हिला तिच्या माहेरचं काही आठवलं. दोघी बोलत राहिल्या. ही दांड्यानं ढवळत होती, पण बघत होती आक्काकडं. इतक्या वर्षांत त्या दोघींना असं बिनकामाचं बोलताना मी बघितलं नव्हतं, म्हणून मीही ओट्यावर गप्प बसलो होतो. मला ते जमतं कधीकधी.

मग हिनं दांड्यानं साडीचा पदर वर उचलला.

पिवळा नव्हता. वरणात कुणी येसराचं काळपट मसाल्याचं पीठ कालवावं तसा रंग आधी दिसला, आणि हवा लागली तसा तो आणखी उतरत गेला. काळपट हिरवा, त्यात राखाडी. पदरावरून पाणी निथळत होतं. भिजलेला डांबरी रस्ता मी याआधी एकदा बघितला होता. माझी नजर थेट मागच्या दारच्या ड्रमकडं गेली.

"लोखं…" मी म्हणालो.

हिनं ओली टाच माझ्या पायावर दिली.

"लो… लोणचं," मी म्हणालो. "लोणचं आणायचं राहिलं नांदेडहून."

आक्कानं माझ्याकडं बघितलंही नाही. ती साडीकडं बघत होती.

"माझाच अंदाज चुकला, वन्सं," ही म्हणाली. आवाज अगदी साधा ठेवला होता. "काढा जास्त आटला. माझीच चूक."

आक्का पाटावरून उठली, ओट्यावर येऊन माझ्या शेजारी बसली. आक्का गप्प बसणं हे आमच्या घराण्यात क्वचित घडतं. मला वाटलं, संपलं. आता आक्कानं लग्नासाठी घेऊन हॅंगरला लावून ठेवलेली गुलाबी रेशमी साडी निघेल, विहीणबाईंना काहीतरी कारण सांगितलं जाईल, आणि ही नांदेडपर्यंत खिडकीतून बाहेर बघेल.

तेवढ्यात दाजी आंघोळ करून, बनियनवर, डोकं पुसत बाहेर आले.

"काय झालं? तोंडं कामून अशी केली समद्यांनी?" मग त्यांनी पातेल्यात पाहिलं, बादलीकडं पाहिलं. "शेवटी त्या ड्रमातलंच वापरलं व्हय पाणी? आगं, त्याच्या तळाला निस्ता गंज हाय! हे बघ." त्यांनी बनियन दोन्ही हातांनी ताणून दाखवलं. पोटावर तांबड्या डागांचा एक अख्खा जिल्हा उमटला होता. "बोअरची मोटर जळाली व्हती तवा दोन कपडे त्यात खंगाळले म्या."

"अन् मला सांगितलं न्हाईत?"

"सांगितलं असतं तर ड्रमातलं पाणी घेतलं म्हणून आधी माझंच बोडकं फोडलं असतंस. म्हणून गप बसलो."

आक्कानं बनियन बघितलं, ड्रम बघितला, मग हिच्याकडं बघितलं.

"गंज म्हंजे लोखंडच की."

"असंल थोडं," ही म्हणाली. "पण काढा बी जास्तच झाला होता, वन्सं."

"तुला कवा कळलं?"

ही उगाच ढवळत राहिली. मी सवयीनं मदतीला धावलो. "आक्का, ते लोणचं…"

"गप रे!" आक्का म्हणाली. "गप्प बसा हो!" ही म्हणाली. अगदी एकदम.

"कळलं व्हतं, तर बोलली कामून न्हाईस?" आक्कानं पुन्हा विचारलं.

ही दांडा पातेल्याच्या काठावर ठेवत होती. "तुम्ही लग्नाचं पाणी काढून दिलं," ती म्हणाली. "त्याला नावं कशी ठेवू मी?"

आक्का ओट्यावरून उठली, पातेल्याजवळ गेली. ब्लाउजपीस बोटांनी वर ओढला, पिळला, साडीच्या पदराशेजारी धरला. उजेडात नेला. उलटा केला, सुलटा केला, आणि मग म्हणाली,

"मॅचिंग तर झालं की गं."

आधी आक्काच हसली. मग ही. दाजी बनियन सोडून हसायला लागले आणि मी सगळ्यांत शेवटी, परवानगी आहे हे बघून.

पण साडी नेसण्याबद्दल आक्का एक अक्षर बोलली नाही. हिनं साडी सावलीत वाळवली, उरलेलं पाणी आक्काच्या तगरीला घातलं, इस्त्री करून घडी आक्काच्या कपाटात ठेवली. शेजारीच ती गुलाबी साडी, जरीच्या काठांची, टांगलेली. मी हळूच विचारलं, "नाही नेसली तर चालेल ना तुला?"

"चालंल की," ही म्हणाली.

"खरंच?"

"न्हाई."

दुपारी दोरीवर ब्लाउजपीस नव्हता. हिनं शोधला, गच्चीवर बघितला, कपाटात बघितला. त्या दिवशी घरात सवाष्णींची ये-जा चालूच होती. "गेला वाटतं कुणाच्या तरी ओटीत," ही म्हणाली आणि लाडू वळायला बसली.

सीमांतपूजनाच्या संध्याकाळी आम्ही कार्यालयात आधी पोचलो. उदगीरची मंडळी येऊन बसली होती. विहीणबाई पायघड्यांजवळ ताट घेऊन उभ्या. सनईची कॅसेट अडकत अडकत वाजत होती. आक्का गाडीतून उतरली.

तीच साडी. आणि अंगात त्याच रंगाचा ब्लाउज, दंडाला नीट बसलेला; शिंप्याच्या डोक्यावर उभं राहून तिनं तो शिवून घेतला होता. हॉलमध्ये सगळीकडं गुलाबी, मोरपंखी, लाल, आणि त्यातून आक्का, पाण्यातून बाहेर काढलेल्या खडकाच्या रंगाची, चालत आली. केळीचा धागा लोखंडाच्या पाण्यातून निघून पुन्हा जरा ताठला होता. पाय धुवायला आक्का पाटावर बसली, पण साडी बसायला थोडा वेळ लागला.

विहीणबाईंनी पायावर पाणी घातलं, पुसलं, आणि मग निऱ्यांवरून हात फिरवला.

"हीच का ती? तुम्ही पिवळी म्हणाला होतात."

ही माझ्या शेजारी साखरेची वाटी घेऊन उभी होती. तिनं वाटी दोन्ही हातांनी धरली.

"व्हती पिवळी," आक्का म्हणाली. "रंग तिनं नांदेडहून आणला, अन् पाणी माझं गंजकं निघालं. चूक माझी हाय, मेहनत तिची." आणि पुढं, आवाज जराही न बदलता, "ती बघा, वाटी घेऊन उभी हाय ती. माझी भावजय."

"मला मिळेल का अशी एखादी?" विहीणबाईंनी विचारलं.

"अशी न्हाई मिळायची," आक्का म्हणाली. "पिवळी मागा. पिवळी लई चांगली करती."

बायका हिच्याभोवती जमल्या. साल कोणती, धागा कसला, धुवायचं कसं. ही उत्तरं देत होती, मधेच अडखळत होती, आणि साखर वाटायची राहूनच गेली. ती मी वाटली. सवय आहे मला पिशव्या-वाट्या घेऊन लोकांच्या दारात उभं राहायची.

लग्न लागलं, जेवणं झाली, आम्ही परत निघालो. एसटीत रिकामा कॅन पायांत, पातेलं वर रॅकवर. अहमदपूर मागं पडलं तरी ही खिडकीकडं वळली नव्हती. उलट माझ्याकडं बघून उगाच हसत होती. मी धीर केला.

"आता खरं सांग. कसा होता रंग?"

"कुणाला सांगणार न्हाई ना?"

"नाही."

"शेवाळ धरलेल्या हौदासारखा," ही म्हणाली. "भयानक. माझ्या हातून इतका वाईट रंग आजवर निघाला नव्हता." मग माझ्या पायांतला कॅन सरळ केला. "अन् वन्सं तो नेसून सगळ्या मांडवात हिंडल्या."